चुकीच्या रंगाचा गुलाल

ब्राउनश्वाइग,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना,
स्वरूपाचा सविनय जयभीम.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही पुन्हा पुन्हा ‘जेवलात का’ विचारत होतात आणि आम्ही पुन्हा पुन्हा ‘हो’ म्हणत होतो. त्यापलीकडे तुम्हाला काही ऐकू गेलं नाही हे मला कळलं. कानाचं मशीन लावायचं नाही हा तुमचा हट्ट, म्हणून हे पत्र. यातलं सगळं तुम्हाला ऐकू येईल.

विषय तुमच्या नातीचा, क्रांतीचा आहे. अश्वजितला इथल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून आम्ही उन्हाळ्यात हॅनोव्हर सोडून ब्राउनश्वाइगला आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अंतर कोल्हापूर-सांगलीपेक्षा थोडंसंच जास्त. मला वाटलं घर बदललं, शाळा बदलली, तिचा फुटबॉलचा क्लब बदलला, संपलं. आपण शत्रूच्या गोटात येतोय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नव्या क्लबच्या पहिल्या पालकसभेला मी हॅनोव्हरच्या क्लबचं लाल जॅकेट घालून गेले. गार वारा होता आणि जॅकेट उबदार होतं, एवढाच माझा हिशेब. पण चपला घालून विहारात शिरल्यासारखे सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग शेजारच्या बाईंनी हळूच सांगितलं, की हॅनोव्हर म्हणजे लाल आणि आपण निळे-पिवळे, आणि आपल्यात हॅनोव्हरचं नावसुद्धा शक्यतो घेत नाहीत. ‘तिकडचं ते गाव’ म्हणतात. ‘या, गेनाऊ’, म्हणजे हो, बरोबर, म्हणत मी जॅकेट काढलं आणि सभाभर कुडकुडत बसले.

माझं एक जाऊ द्या. क्रांतीनं चार वर्षं त्या लाल क्लबचा गोल राखला. इथल्या मुली तिला ‘डी रोटे’ म्हणतात, म्हणजे लाल पोरगी. सप्टेंबरात हॅनोव्हरला सामना होता, तिच्याच जुन्या संघाविरुद्ध. ही बाकावर बसून होती. सामना संपल्यावर जुन्या मैत्रिणी धावत आल्या आणि हिच्या गळ्यात पडल्या. परतीच्या बसमध्ये हिच्या शेजारी कुणी बसलं नाही. तेव्हापासून ती बाकावरच आहे. गोलात लोटे नावाची मुलगी उभी असते. गोड पोर आहे, पण चेंडू आला की डोळे मिटते.

परतीचा सामना १२ एप्रिलला आमच्या मैदानावर आहे. क्रांती न वापरलेले हातमोजे दर शनिवारी धुऊन वाळत घालते. मला ते बघवत नाही.

मी नागपूरची, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मला वाटतं, एकदम उंची वाढल्यामुळे तिची उडी चुकत असावी. तुम्ही गोलकीपर होतात. तिला चार गोष्टी लिहून कळवा. ती वाचणार नाही, पण मी वाचून दाखवीन.

आईंना जयभीम सांगा.

तुमची,
स्वरूपा

*

कोल्हापूर,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. स्वरूपास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या सासूबाईंनी ते आधी फोडून वाचलं आणि मग ‘तुमचं पत्र आलंय’ म्हणून मला दिलं. असो.

पोरी, उंची वाढली तर गोलकीपरचं नशीब उघडतं. उडीबिडीचं काही नाही. तुमच्या त्या दोन गावांचं वाचलं आणि मला वाटलं, माझी नात जर्मनीला गेलीच नाही, ती इथं पेठेतच आहे. तू नागपूरची, म्हणून सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या तालमींचा असतो, प्रत्येक तालमीचा आपला संघ. दोन पेठांच्या मधे एक रस्ता. एरवी या पेठेतल्या पोरी त्या पेठेत नांदतात. पण शाहू स्टेडियमवर सामना लागला की त्या आठवड्यात जावई सासऱ्याला रामराम करत नाही. साखरपुडे पुढं ढकलल्याचं मी बघितलं आहे. तेव्हा तुझं लाल जॅकेट बघून त्यांच्या पोटात दुखलं यात त्यांचा दोष नाही.

मला एकच सांग. क्रांती सरावात ओरडते का? गोलकीपरला मागून सगळं मैदान दिसतं. त्यानं ओरडून पुढच्यांना सांगायचं असतं. पुढच्या सरावाला जा आणि डोळ्यांनी नाही, कानांनी बघ. ज्याला कमी ऐकू येतं तो सांगतोय म्हणून हसू नकोस.

अश्वजितच्या हापिसातला देवदत्त पुढच्या आठवड्यात सुट्टी संपवून परत निघतोय. त्याच्याबरोबर गुलालाचा पुडा देतो. आपल्या तालमीची रीत अशी, की जिंकल्यावर पहिला गुलाल गोलकीपरला. आपली पोरगी १२ तारखेला जिंकली की तिला लावा. आधी पुडा फोडायचा नाही, हे अश्वजितला दटावून सांग. त्याला लहानपणापासून धीर नाही.

तुझा,
आबा

*

ब्राउनश्वाइग,
१५ मार्च २०२५

ती. आबांना,
सविनय जयभीम.

तुमच्या चिरंजीवांनी पुडा फोडला.

गेल्या रविवारी बंदिस्त हॉलमधल्या छोट्या स्पर्धेत आमचा संघ जिंकला. क्रांती बाकावरच होती, पण कप तर आला ना, असं अश्वजितचं म्हणणं. पुडा त्याच्या खिशातच होता. तो खिशात का होता, हे मी अजून विचारते आहे. मी अडवायच्या आत त्यानं क्रांतीच्या कपाळाला गुलाल लावला, मग लोटेच्या, मग आणखी दोघींच्या, आणि एक अख्खी मूठ हवेत उधळली.

पालक बाकांवरून उठून उभे राहिले. आबा, गुलाल लाल होता. आपल्याला तो गुलालासारखा दिसतो, बाकी कसला रंग आपल्या डोक्यातही येत नाही. त्यांना तो हॅनोव्हरचा दिसला. निळ्या-पिवळ्या पोरींच्या अंगावर, कप हातात असताना, लाल रंग. लोटेचे वडील हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांडेस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “रोट. आउसगेरेश्नेट रोट.” म्हणजे रंग मिळाला तोही नेमका लालच. अश्वजितनं त्यांना समजावलं, की हा लाल नाही, गुलाबीकडे झुकतो. त्यानं काही फरक पडला नाही. तेवढ्यात हॉलची देखभाल करणारा हाउसमाइस्टर लांब झाडू घेऊन आला आणि आम्ही तिघे, म्हणजे मी, अश्वजित आणि तुमची नात, फरशी पुसत राहिलो. जर्सी मी घरी आणून धुतल्या. पिवळ्या पट्ट्यांवर गुलाबी झाक कायमची बसली आहे.

गाडीत क्रांती रडली नाही, पण तिनं जर्मनमध्ये एवढंच सांगितलं, की आता मी खेळणार नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हातमोजे उचलून बुटांच्या कपाटात टाकले. शुक्रवारी सरावाला गेली, कारण ट्रेनर फ्राऊ हेनिंग्स यांनी घरी फोन केला. पण १२ तारखेला येणार नाही म्हणते. आबा, मला तुमचा राग आला होता हे खरं सांगते. अश्वजितचा तर अजून आहे.

तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी शुक्रवारी कानांनी बघितलं. ती एक शब्द बोलत नाही. घरात टॉवेल सापडला नाही तर या पोरीचा आवाज शेजारच्या इमारतीत जातो, आणि मैदानात ती मुकी. मी विचारलं का म्हणून. मराठीत विचारलं, तिनं नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तर दिलं, “मी तर इथे पाहुणी आहे. पाहुण्यांनी ओरडायचं नसतं.”

यावर तिला काय सांगायचं? तुम्हाला सुचलं तर लवकर कळवा.

तुमची,
स्वरूपा

*

कोल्हापूर,
२६ मार्च २०२५

चि. सौ. स्वरूपास,
जयभीम.

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय. अश्वजितवर रागावू नकोस. चूक माझी. पुडा बांधताना माझ्या डोळ्यांपुढं माझाच गुलाल होता, त्या पोरींच्या जर्सीचा रंग कुठला हे मी विचारलंसुद्धा नाही. तुझ्या पहिल्या पत्रात तू स्वच्छ लिहिलं होतंस, लाल म्हणजे ते आणि निळे-पिवळे म्हणजे आपण. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, “तुम्हाला कानाला नाही, डोक्याला मशीन पाहिजे.” ऐकून घेतलं.

आता हे क्रांतीला वाचून दाखव. ती पाठ फिरवून बसली तरी वाच.

मी सिद्धार्थनगरचा. पेठेतल्या तालमीनं मला संघात घेतलं, कारण माझे हात चांगले होते. घेतलं, पण एक अख्खा हंगाम मी बाकावर काढला. पाणी द्यायला पुढं, खेळायला मागं. कुणी वाईट बोललं नाही. पण माझ्याशी सगळे जपून बोलत, पाहुण्याशी बोलतात तसं. मीही पाहुण्यासारखाच वागायचो. गोलात उभं केलं तरी तोंड उघडत नव्हतो. पेठेतल्या पोरांना आपण कसं दरडावायचं, असं वाटायचं. परिणाम काय, तर पुढच्यांना मागचं कळायचं नाही, गोल व्हायचा, आणि मी परत बाकावर.

मग समोरच्या पेठेबरोबर सामना लागला. आमचा गोलकीपर तापानं फणफणला म्हणून मला उतरवलं. पहिल्या दहा मिनिटांत वासुदेव, आमचा कप्तान, माझ्या अंगावर आला आणि खेकसला, “राजा, मागून बोल की लेका. मला काय पाठीला डोळे हायत?” त्या दिवशी मी असा ओरडलो की स्टेडियमबाहेरचा भेळवाला वळून बघत होता. माझ्या शब्दावर पेठेतली पोरं डावीकडं पळत होती, उजवीकडं पळत होती. सामना आम्ही जिंकलो.

गुलाल उडाला तेव्हा मी बाजूला उभा होतो. लावतील का, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. कपाळ पुढं करायची हिंमत नव्हती. वासुदेव मूठ भरून आला, माझ्या दोन्ही गालांना चोळला आणि म्हणाला, “तोंड काय लपवतोस?” मी घरी आलो तो तोंड न धुता झोपलो. आई ओरडली, पण मी धुतलं नाही. म्हणून पोरी, मी तुम्हाला गुलाल पाठवला. जिंकल्याची खूण म्हणून नाही. माझ्या नातीला कुणीतरी तो लावावा म्हणून.

क्रांतीला सांग, गोलात पाहुणा नसतो. पाहुणा बाकावर असतो. तू ओरड, बाकीचं होईल. जर्मनमध्ये धीर होत नसेल तर मराठीत ओरड. तुझ्या जुन्या संघाला तुझ्या जर्मन हाका चार वर्षांच्या पाठ असणार. मराठी त्यांच्या बापालाही कळायची नाही. तीन शब्द पुरेत. ‘माझा’ म्हणजे चेंडू मी घेते. ‘सोड’ म्हणजे तू हात-पाय लावू नकोस. ‘मार’ म्हणजे लांब हाण. पुढच्या पोरींना शिकव.

आणि गुलालाचं म्हणशील, तर सामन्यानंतर दोनच दिवसांनी १४ एप्रिल आहे. तुम्ही तिथं जयंती करता. जयंती म्हटली की निळा गुलाल कुठंतरी असणारच. घरात निळा असताना मी लाल पाठवला, याचं मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

तुझा,
आबा

*

ब्राउनश्वाइग,
१३ एप्रिल २०२५

ती. आबांना आणि आईंना,
सविनय जयभीम.

जिंकलो. फोटो काल आईंच्या मोबाईलवर पाठवलेच आहेत, पण सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. क्रांती फ्रिजकडे तोंड करून उभी होती. गालांना गुलाल चोळला तिथवर आले आणि पान उलटायला थांबले. ती न वळता म्हणाली, “उंड डान?” म्हणजे, आणि मग? पुढचं वाचून झाल्यावर ती बुटांच्या कपाटाकडे गेली आणि हातमोजे काढून बेसिनमध्ये भिजत घातले. मी न बघितल्यासारखं करून कांदा चिरत राहिले. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड काम होतं.

दुसऱ्या दिवशी सरावात पहिल्यांदा ‘सोड’ ऐकू आलं. बचावातल्या मुली दचकून थांबल्या आणि चेंडू क्रांतीच्या हातात अलगद आला. ट्रेनर बाईंनी विचारलं, ही कुठली भाषा? क्रांती म्हणाली, “माझ्या आजोबांची. हॅनोव्हरच्या मुलींना कळत नाही.” एवढं एक वाक्य पुरलं, आबा. हॅनोव्हरला कळत नाही म्हटल्यावर सगळा संघ मराठी शिकायला बसला. ट्राममध्ये मुली एकमेकींवर ‘मार, मार’ ओरडत होत्या आणि मी कुठल्या देशात आहे ते मला कळेना. सर्वांत चांगला ‘ड’ लोटेचा आहे. तिनंच ट्रेनर बाईंना जाऊन सांगितलं, की गोलात क्रांतीला उभं करा, मला पुढे खेळायला जास्त आवडतं. डोळे मिटायची कटकट नको, असंही म्हणाली.

निळा गुलाल मिळाला. जयंतीचा कार्यक्रम यंदा ऊर्मिलाताईंकडे आहे, आणि त्या राहतात हॅनोव्हरला. अश्वजित गाडीनं जाऊन पुडा घेऊन आला. ब्राउनश्वाइगच्या विजयाचा गुलाल हॅनोव्हरहून आला हे कृपया कुणाला सांगू नका. या वेळी पुडा माझ्या पर्समध्ये होता आणि ट्रेनर बाईंची परवानगी आधीच काढली होती. उघड्या मैदानात चालेल, म्हणाल्या.

सामन्याला भरपूर गर्दी, हेर ब्रांडेस तर ढोल घेऊन आले होते. पहिला गोल आपण केला, मध्यंतरानंतर त्यांनी फेडला. क्रांतीच्या जुन्या मैत्रिणींना तिचं सगळं ठाऊक. ती गोलरेषा सोडून पुढे येत नाही, हेही ठाऊक. शेवटी शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला आणि सगळ्या लाल जर्सी आमच्या गोलासमोर दाटल्या. चेंडू वर आला आणि आमच्या तिघी उडी मारायला वाकल्या.

तेव्हा क्रांती ओरडली, “सोड! माझा!”

आबा, तुम्हाला तिथे मशीनशिवाय ऐकू आलं असेल. आमच्या तिघी जागच्या जागी थांबल्या. लाल मुलींना काय चाललंय ते कळायच्या आत ही गर्दीत घुसून पुढे आली, चेंडू छातीशी घेतला, दोन पावलं पळाली आणि लांब फेकला. पुढे लोटे एकटी होती. “मार!” मागून आवाज आला. लोटेनं डोळे मिटून मारला. गेला आत.

शिट्टी वाजल्यावर मी पुडा घेऊन धावले, अश्वजित माझ्या मागे. आम्ही पोचायच्या आत लोटे समोर आली. तिनं माझ्या हातातून पुडा घेतला, मूठ भरली, क्रांतीच्या दोन्ही गालांना चोळली आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मी रात्री विचारलं. म्हणाली होती, “उभी काय राहिलीस अशी?” तिला तुमच्या वासुदेवकाकांचं कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारून खात्री करून घेतली.

मग सगळ्याच निळ्या झाल्या. हेर ब्रांडेस माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी टक्कल खाली केलं. मी चांगला हात फिरवून लावला. मला त्यातून फार आनंद झाला हे कबूल करते.

एक गंमत राहिली. तुमचा लाल पुडा थोडा उरला होता. क्रांतीनं तो हॅनोव्हरच्या मुलींना नेऊन दिला, तुमचा रंग म्हणून. त्यांनी हसत लावून घेतला. एकीकडे निळ्या, एकीकडे लाल, आणि मधे आपली. जाताना तिची जुनी मैत्रीण म्हणाली, पुढच्या वर्षी आमच्या मैदानावर बघू. क्रांतीनं उत्तर दिलं, “बघू की. आम्ही बसनं येतो.” म्हणजे जर्मनमध्ये. पण आम्ही म्हणाली, आबा. आम्ही.

खाली तिनं स्वतः दोन ओळी लिहिल्या आहेत. अक्षरं मी हवेत गिरवून दाखवली, मदत तेवढीच.

तुमची,
स्वरूपा

*आबा मी ओरडले. आता घसा बसला आहे. तोंड धुतलं नाही. क्रांती*

*

कोल्हापूर,
२८ एप्रिल २०२५

चि. क्रांतीस,
जयभीम आणि खूप खूप शाबासकी.

हे पत्र तुला आहे. आईनं वाचून दाखवावं, पण लखोटा तू फोडायचास.

तुझा निळ्या तोंडाचा फोटो तुझ्या आजीनं सगळ्या सिद्धार्थनगरला दाखवला. मग मी मोबाईल घेऊन तालमीत गेलो. वासुदेव आता काठी घेऊन चालतो, पण सामना असला की पहिल्या रांगेत. त्यानं फोटो जवळ धरला, लांब धरला, आणि विचारलं, “राजा, नात जिंकली ते कळलं. पण निळी कशी रं?” मी सगळं सांगितलं. तुमच्या दोन गावांचं, लाल पुड्याचं, तू ‘सोड’ म्हणून ओरडलीस त्याचं. हरलेल्यांना गुलाल दिलास, ते ऐकून मात्र त्यानं कपाळाला हात लावला. आपल्याकडं असं केलं असतं तर डोकी फुटली असती. पण तुमच्याकडं चाललं, तर चालू दे.

जयंतीच्या मिरवणुकीला मी दरवर्षी असतो, आमच्या गल्लीची यंदा उशिरा, २६ तारखेला निघाली. वासुदेव कधी आला नव्हता. बोलावलं नाही असं नाही, पण येणं झालं नाही. आमच्यात भांडण नव्हतं, फक्त लाल गुलाल त्याच्या पेठेत आणि निळा माझ्या गल्लीत, असं आयुष्य गेलं. परवा संध्याकाळी मिरवणूक कोपऱ्यावर आली, तर हा काठी टेकत उभा. मी जवळ गेलो. म्हणाला, “त्या जर्मन पोरीनं लावला, मग मीच कोरडा का?” आणि कपाळ पुढं केलं.

मी त्याच्या दोन्ही गालांना चोळला. इतकी वर्षं ती मूठ त्याला परत करायची राहिली होती हे मला तेव्हा कळलं. दोघंही रडलो. तुझी आजी म्हणते, म्हातारे शोभत नव्हते. तिला काय कळतंय.

घशाचं लिहिलंस. आई हळद घालून दूध देईल ते पी, पण फार काळजी करू नकोस. मी गोलात ओरडलो त्या दिवसापासून माझा घसा कधी नीट सुटला नाही. गोलकीपरचा घसा बसलेलाच बरा.

तुझा,
आबा